कर्द्याच्या किनाऱ्यावरचा निळा उजेड: कवचधारी प्राण्याच्या शरीरात तो नेमका कुठे तयार होतो?

शनिवारवासी यांचा प्रश्न

नमस्कार. मी पुण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मागच्या आठवड्यात, अमावास्येच्या आदल्या रात्री, आम्ही घरची सात-आठ माणसे दापोलीजवळच्या कर्दे येथे होतो. रात्री जेवणानंतर किनाऱ्यावर गेलो, तेव्हा लाटेचा माथा फुटताना त्यावर निळसर रेघ उमटत होती आणि ओल्या वाळूवर पाय ठेवला की पावलाभोवती ठिणग्या उडाल्यासारखे होत होते. असा चमकणारा समुद्र मी पूर्वीही पाहिला आहे, त्यामुळे त्याचे मला फारसे नवल वाटले नाही. नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे.

मी बादलीभर पाणी घेऊन ते चौपदरी दुमडलेल्या सुती पंचातून गाळले. पंचा झटकला की त्यावर ठिणग्या चमकायच्या आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच विझायच्या. परंतु माझ्या भाच्याने पंचावर बोट घासले, तेव्हा त्याच्या बोटाच्या टोकाला शाईचा डाग पडावा तसा निळा डाग पडला आणि तो चांगला पाच-सहा सेकंद तसाच उजळत राहिला. त्याने हात झटकला, तर खाली पडलेला थेंबही वाळूवर क्षणभर निळा दिसला. ठिणगी आणि डाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मला तेव्हाच वाटले.

पंचा मी लगेच दोरीवर वाळत घातला. पाण्याची एक बाटली भरून ताम्हिणी घाटातून पुण्याला आणली. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवे घालवून ती कितीही हलवली, तरी तिच्यात काहीच दिसले नाही. महाविद्यालयाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तेच पाणी पाहिले असता दोन प्रकारचे जीव आढळले. एक, भिजलेल्या साबुदाण्यासारखे पारदर्शक गोळे, ज्यांना एक लहानशी शेपटी होती. दुसरे, संख्येने अगदी थोडे, मोहरीच्या दाण्याएवढे आणि दोन शिंपल्यांच्या आत बंद असलेले प्राणी, ज्यांच्या कवचातून काळसर डोळा स्पष्ट दिसत होता आणि फटीतून केसाळ पाय डोकावत होते.

माझे प्रश्न असे आहेत. बोटावरचा डाग या शिंपलेवाल्या प्राण्याचा असेल, तर तो प्रकाश शरीराच्या कोणत्या भागात तयार होतो? प्राण्यापासून वेगळा झाल्यावरही तो टिकतो कसा? आणि काजव्याची रासायनिक क्रिया मी वर्गात शिकवते, तीच येथेही घडते का? पाठ्यपुस्तकात जीवदीप्तीवर जेमतेम दोन ओळी आहेत आणि त्याही काजव्यावरच थांबतात.

भिंग यांचा प्रतिसाद

ताई, आपले निरीक्षण उत्तम आहे, कारण ठिणगी आणि डाग यांतला फरक हाच या प्रश्नाचा गाभा आहे. बहुतेक लोक किनाऱ्यावरच्या सगळ्या उजेडाला एकच नाव देऊन मोकळे होतात. मी निवृत्त होईपर्यंत प्राणिशास्त्र शिकवले. जे ठाऊक आहे ते सविस्तर लिहितो.

शेपटीवाले साबुदाणे म्हणजे नॉक्टिल्युका. तो कवचधारी प्राणी नाही. तो डायनोफ्लॅजेलेट गटातला एकपेशीय जीव आहे आणि आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात दिसणारा उजेड बहुतांशी त्याचाच असतो. त्याच्या पेशीला धक्का बसला की आतल्या सूक्ष्म कणांमधली आम्लता बदलते आणि साधारण सेकंदाच्या दहाव्या भागापुरती ठिणगी पडते. ही सगळी क्रिया पेशीच्या आतच घडते, म्हणून ठिणगी बोटाला लागत नाही.

डाग ज्याने पाडला तो प्राणी ऑस्ट्राकोड, म्हणजे दोन झडपांच्या कवचात राहणारा, कोलंबीच्या गोतावळ्यातला छोटा प्राणी, असावा, आणि आपण केलेले वर्णन पाहता तो सायप्रिडिनिडी या कुळातला असण्याची शक्यता मोठी आहे. उत्तर अरबी समुद्रात सायप्रिडिना डेन्टाटा या जातीच्या झुंडी रात्री पृष्ठभागावर येतात, अशी नोंद आहे. या कुळातला सर्वांत अभ्यासलेला प्राणी मात्र जपानचा. त्याचे जुने नाव सायप्रिडिना हिल्गेनडॉर्फी, मधल्या काळात तो वार्ग्युला झाला, आणि आता पुन्हा काही जण त्याला सायप्रिडिना म्हणतात. जपानी लोक त्याला ‘उमि-होतारु’, म्हणजे समुद्रातला काजवा, म्हणतात. तो सुमारे 3 मिलिमीटर लांबीचा असतो, दिवसा वाळूत दडून राहतो आणि रात्री बाहेर पडून मेलेले मासे व किडे खातो.

आता शरीररचना. बाहेरून पाहिल्यास तो शिंपल्यासारखा वाटतो, पण तो शिंपला नव्हे. ती दोन झडपांची पाठढाल आहे. पाठीवर बिजागरी, आणि आत आडवा स्नायू जो झडपा ओढून घट्ट मिटतो. झडपांच्या पुढच्या कडेला एक खाच असते. त्या खाचेतून शृंगिकांची, म्हणजे डोक्यावरच्या मिशांची, दुसरी जोडी बाहेर येते आणि तीच त्याची वल्ही. प्राणी पायांनी नव्हे तर शृंगिकांनी पोहतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली की त्यांचा विश्वास बसत नाही. पहिली जोडी मुख्यतः वास आणि स्पर्श घेण्यासाठी असते. डोक्यावर दोन्ही बाजूंना संयुक्त डोळे आणि मध्ये एक साधा डोळा असतो; आपल्याला कवचातून दिसलेला काळा ठिपका हा त्यांपैकी एक संयुक्त डोळा होय. सगळ्यात मागे जी सातवी उपांगांची जोडी असते, ती गांडुळासारखी लवचीक, टोकाला ब्रशसारखी असून झडपांची आतली बाजू आणि मादी तेथे जपून ठेवत असलेली अंडी पुसून स्वच्छ करण्याचे काम करते. शरीराच्या टोकाला दोन पात्यांवर नख्यांची रांग असते, जी वाळू उकरण्याच्या आणि भक्ष्य धरण्याच्या कामी येते.

प्रकाशाची ग्रंथी या सगळ्यांत कोठे आहे, तर वरच्या ओठात. तोंडाच्या पुढे जो मांसल ओठ लोंबतो, त्यात लांबट, नळीसारख्या ग्रंथीपेशी जुड्या बांधल्यासारख्या रचलेल्या असतात आणि प्रत्येक पेशीचे तोंड ओठाच्या कडेवरच्या सूक्ष्म छिद्राशी उघडते. या पेशी एकसारख्या नसतात. काहींत पिवळसर मोठे कण दिसतात, त्यांत ल्युसिफेरिन असते. काहींत बारीक रंगहीन कण असतात, त्यांत ल्युसिफेरेज असते. आणखी एक-दोन प्रकारच्या पेशी श्लेष्मासारखे पदार्थ बनवतात. ल्युसिफेरिन म्हणजे जळणारा पदार्थ आणि ल्युसिफेरेज म्हणजे तो जाळणारा विकर, अर्थात एन्झाइम. प्राण्याला धोका वाटला की ओठाभोवतीचे स्नायू आकसतात, दोन्ही द्रव वेगवेगळ्या छिद्रांतून एकाच वेळी बाहेर फेकले जातात आणि त्यांची गाठ प्रथम पडते ती समुद्राच्या पाण्यात.

म्हणूनच ताई, आपल्या भाच्याच्या बोटावर प्राणी नव्हता. त्याने थुंकलेला द्रव होता. रासायनिक क्रिया शरीराबाहेर चाललेली असल्याने, प्राणी पळाला तरी वा मेला तरी, कच्चा माल संपेपर्यंत डाग उजळत राहतो.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. पुण्याच्या आसपास डबक्यांत आणि भातखाचरांत आढळणारे ऑस्ट्राकोड दिसायला अगदी याच धर्तीचे असतात, पण गोड्या पाण्यातला एकही ऑस्ट्राकोड प्रकाश देत नाही. मी तरुणपणी पाषाणच्या बाजूच्या एका डबक्यातले प्राणी अंधाऱ्या खोलीत तासभर पाहत बसलो होतो. तेव्हा हे मला कोणी सांगितले असते, तर तो तास वाचला असता.

निळी शाई यांचा प्रतिसाद

भिंग सरांनी शरीररचना सांगितली, म्हणून मी केवळ रसायनापुरते लिहिते. मी जैवरसायनाच्या प्रयोगशाळेत काम करते आणि अशाच एका विकराशी माझा रोजचा संबंध येतो.

पहिली गोष्ट, काजव्याची क्रिया आणि ही क्रिया यांत नावांखेरीज फारच थोडे साम्य आहे. ल्युसिफेरिन आणि ल्युसिफेरेज ही नावे राफाएल दुबॉई या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1880 च्या दशकात रूढ केली, पण ती ‘इंधन’ आणि ‘शेगडी’ यांसारखी सामान्यनामे आहेत. लाकडाची चूल आणि गॅसची शेगडी दोन्हींवर भाकरी होते, म्हणून लाकूड आणि गॅस एकच ठरत नाहीत. राजमाचीला किंवा पुरुषवाडीला मे-जूनमध्ये जे काजवे आपण पाहतो, त्यांच्या ल्युसिफेरिनला ऑक्सिजनबरोबर एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) आणि मॅग्नेशियमही लागते, म्हणजे ती क्रिया जिवंत पेशीच्या चलनावर चालते. सायप्रिडिनाच्या ल्युसिफेरिनला फक्त ऑक्सिजन आणि विकर पुरतात. शरीराबाहेर, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात, पेशीची कोणतीही मदत नसताना हा दिवा पेटू शकतो तो याच कारणाने. एटीपीची अट असती तर थुंकलेला प्रकाश ही कल्पनाच शक्य नव्हती.

क्रिया थोडक्यात अशी. ल्युसिफेरिनच्या रेणूला विकराच्या खाचेत ऑक्सिजन चिकटतो, चार अणूंचे एक ताणलेले कडे तयार होते, ते तुटताना कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि उरलेला रेणू क्षणभर उत्तेजित अवस्थेत राहतो. तो शांत होताना जी ऊर्जा सोडतो, तिची तरंगलांबी सुमारे 460 नॅनोमीटर, म्हणजे स्वच्छ निळी, असते. समुद्राच्या पाण्यात निळा प्रकाशच सर्वांत दूर जातो, आणि समुद्री प्राण्यांचे डोळेही बहुधा त्याच पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असतात. तांबडा प्रकाश टाकला असता तर तो काही मीटरांतच गिळला गेला असता. हे ल्युसिफेरिन तो प्राणी ट्रिप्टोफॅन, आयसोल्युसिन आणि आर्जिनिन या तीन अमिनो आम्लांपासून स्वतःच बनवतो. आपल्या डाळ-भातातही ती तिन्ही आहेत. जोडणीची कला मात्र आपल्याकडे नाही.

दुबॉईचा एक प्रयोग वर्गात सांगण्याजोगा आहे. प्रकाश देणाऱ्या प्राण्याचा अर्क थंड पाण्यात काढला तर तो उजळतो आणि हळूहळू विझतो, कारण ल्युसिफेरिन संपते पण विकर शिल्लक राहतो. दुसरा अर्क गरम पाण्यात काढला तर तो उजळत नाही, कारण विकर उष्णतेने निकामी होतो पण ल्युसिफेरिन शिल्लक राहते. हे दोन्ही विझलेले अर्क गार झाल्यावर एकत्र ओतले की पुन्हा उजेड पडतो. एका भांड्यात इंधन, दुसऱ्यात शेगडी, हे यापेक्षा सोप्या रीतीने दाखवता येणार नाही.

सायप्रिडिनाचे ल्युसिफेरिन शुद्ध करणे मात्र सोपे नव्हते. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या न्यूटन हार्वी यांनी 1916 मध्ये जपानला भेट दिल्यापासून या प्राण्याचा ध्यास घेतला आणि त्यांच्या प्रयोगशाळेत पुढे अनेक वर्षे प्रयत्न होत राहिले, पण हवेतला ऑक्सिजन लागताच पदार्थ नासत असे. अखेर नागोया येथे ओसामु शिमोमुरा या तरुण संशोधकाने हायड्रोजनच्या वातावरणात काम करून, अर्धा किलो सुक्या प्राण्यांतून काही मिलिग्रॅम पदार्थ हाती लावला. तरीही स्फटिक पडत नव्हते. 1956 च्या फेब्रुवारीत एका रात्री, उरलेला पदार्थ निदान अमिनो आम्लांच्या चाचणीला तरी उपयोगी पडेल म्हणून त्यांनी त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ठेवले, आणि सकाळी तळाशी तांबडे स्फटिक दिसले. याच कामाच्या बळावर त्यांना प्रिन्स्टनचे बोलावणे आले, तेथे ते जेलीफिशकडे वळले आणि त्या जेलीफिशमधल्या हिरव्या प्रथिनाबद्दल 2008 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना विभागून मिळाले. नोबेलची कथा सगळे जेलीफिशपासून सुरू करतात. माझ्या मते ती या मोहरीएवढ्या प्राण्यापासून सुरू व्हायला हवी.

ताईंच्या उपयोगाची एक गोष्ट. हे प्राणी चटकन आणि पूर्ण सुकवले तर ल्युसिफेरिन व विकर दोन्ही वर्षानुवर्षे टिकतात, आणि पूड भिजवताच पुन्हा उजळते. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यासाठी अशी पूड गोळा करण्यात आली होती. तळहातावर ओली करून तिच्या मंद उजेडात नकाशा वाचावा, अशी योजना होती. बाटलीतले पाणी विसरा. घाटातल्या उन्हाने आणि ऑक्सिजन कमी पडल्याने त्यातले जीव मेले असतील आणि जो काही द्रव होता तो पाण्यातच जळून गेला असेल. पण आपण पंचा लगेच वाळत घातला होता, असे लिहिले आहे. तो धुतला नसेल तर कृपया धुऊ नका.

हर्णैचा वारा यांचा प्रतिसाद

मी मूळचा हर्णैचा, आता वारजे येथे राहतो. विषयाला धरूनच एक शंका विचारतो. आमच्या घरी एकदा कोलंबी फ्रिजमध्ये दोन दिवस राहिली. रात्री पाणी पिण्यासाठी उठलो, फ्रिजमधला दिवा बिघडलेला होता, आणि दार उघडले तर भांड्यातली कोलंबी फिकट निळसर उजळत होती. आजीने ती भूतबाधा झाल्यासारखी उचलून थेट बाहेर फेकली. कोलंबी ही कवचधारीच ना? मग तोही असाच थुंकलेला प्रकाश म्हणायचा का?

भिंग यांचा प्रतिसाद

नाही. आपण खातो ती कोलंबी आणि जवळा स्वतः प्रकाश देत नाहीत. आपण पाहिलेला उजेड जिवाणूंचा होता. समुद्री माशांवर आणि कोलंबीवर फोटोबॅक्टेरियमसारखे जिवाणू असतात; त्यांतले काही थंडीतही वाढतात आणि दाटी झाली की उजळू लागतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. नॉक्टिल्युका धक्का बसल्यावर ठिणगी टाकतो, ऑस्ट्राकोडचा डाग काही सेकंदांत विरतो, आणि जिवाणूंचा उजेड मात्र कोणी हात लावो वा न लावो, तासन्‌तास एकसारखा जळत राहतो. आजींनी ती फेकली हे योग्यच केले. भूत नसले तरी कोलंबी ताजी नव्हती, एवढे निश्चित.

उलटी भरती यांचा प्रतिसाद

चर्चा छान चालली आहे, पण वाचणाऱ्याचा असा समज होऊ नये की कवचधारी प्राण्यांचा प्रकाश म्हणजे नेहमी ओठातून थुंकलेला द्रव. या एकाच वर्गात ही युक्ती अनेकदा स्वतंत्रपणे आणि वेगवेगळ्या अवयवांतून निर्माण झाली आहे.

ऑस्ट्राकोडांतच हॅलोसायप्रिडिडी नावाचे दुसरे कुळ आहे. त्याच्या ग्रंथी ओठात नसून झडपांच्या कडांवर असतात आणि त्याचे इंधनही निराळे, सीलेंटेराझिन नावाचे, असते. हेच सीलेंटेराझिन कोपेपॉड वापरतात. कोपेपॉड म्हणजे समुद्रातल्या प्लवकांमधले तांदळाच्या कणीएवढे प्राणी. त्यांतल्या मेट्रिडिया, प्ल्यूरोमामा आणि गॉशिया या प्रजातींच्या डोक्यावर, धडावर आणि शेपटीकडच्या भागावर स्वतंत्र ग्रंथी विखुरलेल्या असतात आणि प्रत्येकीचे छिद्र थेट कवचावर उघडते. मासा मागे लागला की कोपेपॉड उजेडाचा पुंजका मागे सोडतो आणि स्वतः अंधारात उडी मारतो. मासा पुंजक्यावर झडप घालतो.

क्रिल या कोलंबीसारख्या दिसणाऱ्या छोट्या समुद्री प्राण्याची गोष्ट पूर्णपणे वेगळी आहे. त्याच्या शरीरातून उजळता द्रव बाहेर टाकलाच जात नाही. त्याला सहसा दहा प्रकाशांगे असतात: डोळ्यांच्या देठांवर दोन, धडावर दोन जोड्या आणि पोटाच्या पहिल्या चार खंडांवर प्रत्येकी एक. प्रत्येक प्रकाशांग ही खरोखरीची बॅटरी समजावी. आत प्रकाश देणाऱ्या पेशी, त्यांच्यामागे परावर्तक थर, पुढे भिंग, आणि रोख वळवणारे स्नायू. यांचा उपयोग पळण्यासाठी नसून लपण्यासाठी होतो. खालून पाहणाऱ्या माशाला वरच्या फिकट पाण्यावर क्रिलची काळी सावली दिसते. क्रिल पोटाखाली तितकाच निळा प्रकाश टाकून ती सावली पुसून टाकतो. शरीर तिरके झाले तरी प्रकाशाचा झोत खालीच राहावा, म्हणून प्रकाशांगे वळतात. त्याचे इंधनही सीलेंटेराझिन नसून डायनोफ्लॅजेलेटांच्या ल्युसिफेरिनशी मिळतेजुळते आहे, म्हणजे या बाबतीत क्रिल ऑस्ट्राकोडापेक्षा ताईंच्या साबुदाण्याला जवळचा ठरतो. खोल समुद्रातल्या सिस्टेलास्पिस या कोळंबीकडे तर दोन्ही सोयी आहेत: लपण्यासाठी अंगावर प्रकाशांगे, आणि अगदीच गळ्याशी आले तर तोंडाजवळून फेकण्यासाठी उजळता ढग.

ज्या प्राण्याकडे ही कला नाही तो ती चोरतोही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा पोरिक्थिस नावाचा मासा आपली प्रकाशांगे ऑस्ट्राकोड खाऊन मिळालेल्या ल्युसिफेरिनवर चालवतो. त्याच किनाऱ्यावरच्या प्युजेट साउंड या खाडीतल्या त्याच जातीच्या माशांना प्रकाशांगे आहेत पण उजेड नाही, आणि त्यांना सायप्रिडिना खाऊ घातल्यावर ते उजळले. पॅराप्रियाकॅन्थस हा मासा तर ल्युसिफेरिनबरोबर आख्खा विकरही न पचवता वापरतो, असे 2020 मध्ये दाखवण्यात आले.

निळी शाई यांचा प्रतिसाद

‘उलटी भरती’ यांनी गॉशियाचे नाव घेतले म्हणून पुन्हा लिहिते. मी ज्या विकराशी रोज झगडते, तो हाच. गॉशियाचा ल्युसिफेरेज अवघा 185 अमिनो आम्लांचा असून त्याच्या टोकाशी ‘मला बाहेर पाठवा’ असा पत्ता लिहिलेला असतो, कारण मूळ प्राण्यातही तो बाहेर फेकण्यासाठीच बनलेला आहे. त्यामुळे त्याचे जनुक मानवी पेशीत घातले तरी विकर पेशीबाहेरच्या द्रवात येऊन पडतो. पेशी न मारता वरचा द्रव तेवढा थेंबभर उचलायचा, पांढऱ्या 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये टाकायचा, आणि त्यात सीलेंटेराझिन सोडायचे. खोडी एकच आहे. तो क्षणात भडकतो आणि झरझर उतरतो. प्लेटमध्ये सीलेंटेराझिन घालून यंत्रापर्यंत चालत जाईपर्यंत आकडा पडू लागलेला असतो, म्हणून यंत्रातल्याच सुईने थेंब सोडून त्याच सेकंदाला वाचन घ्यावे लागते. नवीन विद्यार्थी पहिल्या दिवशी हमखास यातच फसतो. माशाला चकवायला क्षणभराचा भडका पुरतो, माझ्या यंत्राला पुरत नाही.

शनिवारवासी यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. पंचा धुतलेला नव्हता. मीठ खडखडीत वाळल्यामुळे तो पापडासारखा ताठ झाला होता आणि गच्चीवरच्या कपाटात तसाच पडून होता.

काल रात्री न्हाणीघराचा दिवा घालवून, दाराच्या फटीला टॉवेल लावून मी आणि भाचा आत दहा मिनिटे नुसते बसून राहिलो, म्हणजे डोळे अंधाराला सरावतील. मग पंचावर चमच्याने साधे पाणी शिंपडले. ठिणगी एकही पडली नाही; वाळलेला नॉक्टिल्युका ओला केला म्हणून जिवंत होत नाही, हे भिंग सरांच्या विवेचनावरून अपेक्षितच होते. मधल्या भागातही काही दिसले नाही, आणि मी दिवा लावायला हात पुढे केला, तेवढ्यात भाचा ओरडला. पंचाच्या काठाला, जेथे शिवणीची दुमड आहे, तेथे तांदळाच्या दाण्याएवढे तीन निळे डाग उमटले होते. त्यांतला एक पाण्याबरोबर ओघळून दोन बोटे लांब गेला आणि मग विझला. मी मनात मोजत होते, नऊपर्यंत पोहोचले.

दिवा लावून दुमड उसवली, तेव्हा आत चपटे झालेले पाच-सहा शिंपलेवाले प्राणी निघाले. एकाला काचपट्टीवर ग्लिसरीनमध्ये ठेवून पाहिले असता झडपेच्या पुढच्या कडेची खाच स्पष्ट दिसली. ओठ मात्र चिरडलेला होता, त्यामुळे ग्रंथीच्या पेशी काही ओळखता आल्या नाहीत.

पंचाचा अर्धा काठ मी मुद्दाम कोरडाच ठेवला आहे. तो कापून, चपलांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डबीत घातला आहे. जानेवारीत बारावीच्या मुलांना तो अंधाऱ्या प्रयोगशाळेत भिजवून दाखवीन. दुबॉईच्या प्रयोगाइतका माल त्यात नाही, हे मला कळते. पण एका तुकड्यावर थंड आणि दुसऱ्यावर उकळते पाणी टाकले, तर निदान विकर उष्णतेने मरतो एवढे तरी त्यांना डोळ्यांनी दिसेल, असे वाटते. यात काही चुकत असल्यास निळी शाई यांनी अवश्य सांगावे.

निळी शाई यांचा प्रतिसाद

चुकत नाही, फक्त उकळते पाणी एकदम आणि भरपूर ओता. हळूहळू गरम केलेत तर विकर मरण्याआधीच उजेड पाडून घेईल.